खालून येणारा कण

टिकटिक सरांना निवृत्त व्हायला एकच सत्र उरलं होतं आणि त्यांनी अजून काहीही शोधून काढलेलं नव्हतं. वाचायला सोपं आहे हो हे वाक्य, पण जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. ज्या माणसाने उभा जन्म मुलांना शिकवलं, की इलेक्ट्रॉन अमक्याने शोधला, न्यूट्रॉन तमक्याने, आणि प्रोटॉनच्या पोटात क्वार्क आहेत हे ढमक्याने सांगितलं, त्या माणसाला कधीतरी वाटणारच ना, की ह्या देवळाच्या दाराशी आपलीही एक चप्पल असावी? सरांना वाटायचं. फार वाटायचं. आणि निवृत्तीच्या तोंडावर, घोडं पेंड खाणार असं सगळ्यांनी धरून चाललेलं असताना, सरांना कण सापडला.

कॉलेजच्या व्हरांड्याच्या टोकाला, सायकली लावतात त्या जागेला लागून, त्यांची खोली. मधे एक जुनं लाकडी टेबल. टेबलावर काउंटर. काउंटर म्हणजे दारावर बसवलेला आंधळा राखणदार समजा. कोण आलं ते त्याला दिसत नाही, कोणीतरी आलं एवढंच तो ओरडून सांगतो. एक कण आत शिरला की टिक. दुसरा शिरला की टिक. ह्या आवाजावरूनच मुलांनी सरांचं नाव पाडलं होतं, आणि सरांनी ते पदवीसारखं मिरवलं होतं.

आकाशातून आपल्या डोक्यावर सतत म्युऑन नावाच्या कणांचा मारा होत असतो. तुम्ही वाचताय तेव्हाही होतोय, घाबरू नका. ते मोजायचे, आणि इकडचेतिकडचे भुरटे किरण बाजूला ठेवायचे, म्हणून सरांनी काउंटरभोवती शिशाच्या विटांचं घरकुल बांधलं होतं. भुरटे शिशात अडकतात, म्युऑन आरपार जातात. चारही बाजूंना विटा झाल्या, छपराला झाल्या आणि मग विटा संपल्या. खाली नुसतं टेबल राहिलं.

"सर, खालून पण लावायला हव्यात," असं धाकट्या बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. धाकट्या बाई म्हणजे विभागातल्या दुसऱ्या प्राध्यापिका. विभागात दोनच माणसं, म्हणून एक सर आणि एक धाकट्या बाई.

"कण वरून पडतात, बाई," सर म्हणाले होते. "खालून कोण येणार आहे?"

हे वाक्य लक्षात ठेवा. माणूस ज्या दाराकडे बोट दाखवून कोण येणार आहे म्हणतो, पाहुणे नेमके त्याच दाराने येतात.

गेल्या वर्षापासून टिकटिक वाढायला लागली. एकदम नाही, हळूहळू, मूल वाढावं तशी. सरांनी तारा बदलल्या, नळी बदलली, वीज बदलून पाहिली. छपरावर विटांचा आणखी एक थर उसना आणून चढवला. टिकटिक तसूभर कमी झाली नाही. तेव्हा एका दुपारी सर खुर्चीतून उठले, टेबलाकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

"बाई, हा वरून येतच नाहीये. हा खालून येतोय! पृथ्वीच्या पोटातून!"

धाकट्या बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना सरांबद्दल माया होती, आणि मायेच्या माणसाशी वाद घालताना त्या नेहमी आधी चष्मा पुसायच्या. "सर, एक विचारू? तुम्ही तापाने आडवे होतात ना, तेव्हा हा वाढायचा थांबला होता. तुम्ही कामावर आलात तसा परत वाढायला लागला."

दुसरा कोणी असता तर इथेच दचकला असता. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे त्याचं माझ्याशी काहीतरी नातं आहे, बाई."

बाईंनी चष्मा परत घातला.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी. ती सरांनी कोणालाच सांगितली नव्हती, म्हणून मला सांगावी लागतेय.

वर्षापूर्वी सर कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन बसले होते. रक्तदाब. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मीठ बंद. अगदीच जमलं नाही तर रक्तदाबवाल्यांसाठी वेगळं मीठ मिळतं, ते मोजकं खा. सरांच्या बायकोने, म्हणजे सगळं कॉलेज जिला काकू म्हणतं तिने, त्या दिवसापासून घरातला कारभार आपल्या हातात घेतला. तसा तो आधीही तिच्याच हातात होता, पण आता तिने लगाम आवळला. सकाळी चहा-बिस्किट. संध्याकाळी दूध आणि फळं. मिठाचं जेवण दिवसातून एकदाच, दुपारचं, तेही अळणी शिजवायचं आणि सोबत त्या वेगळ्या मिठाची एक पुडी. "हवं तेवढं वरून घ्या. पण हेच घ्या," असं बजावून ती रोज डब्यात पुडी ठेवायची. रविवारीसुद्धा. कारण रविवारीही सर कण बघायला डबा घेऊन कॉलेजातच जायचे, आणि काकूला वाटायचं, काय ही माणसाची विज्ञाननिष्ठा!

कसली डोंबलाची निष्ठा. सरांनी पहिल्या दिवशी पुडी उघडली, नुसती हुंगली, "औषध आहे हे" म्हणाले आणि मिटून टाकली. चाखलीसुद्धा नाही. कॅन्टीनवाल्याकडून वाटीभर सरळ साधं मीठ आणलं आणि भाजीवर भुरभुरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. वर्षभर तेच.

प्रश्न होता पुड्यांचा. टाकायच्या कुठे? केराच्या टोपलीत टाकाव्यात तर टोपली रिकामी करणाऱ्या मावशी काकूच्या मैत्रीण. मोरीत ओताव्यात तर आईचा आवाज कानात घुमायचा. सर लहान असताना आई म्हणायची, मीठ सांडशील तर मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागेल. सरांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, मेल्यावर काही असतं ह्यावरही नव्हता. वर्गात ते ठणकावून सांगायचे, की माणूस म्हणजे प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन, चौथा इसम आत कोणी नाही. पण पापण्यांनी मीठ वेचणं त्यांना डोळ्यांसमोर दिसायचं. हात धजेना. म्हणून त्यांनी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेतला, रोजची पुडी त्यात रिती करू लागले, आणि तो डबा कुलपाच्या खणात ठेवला. हा खण कुठला? टेबलाचा. टेबल कुठलं? एकच तर होतं त्या खोलीत.

तुमच्या लक्षात आलं. सरांच्या नाही आलं. खण रोज उघडायचा, डबा रोज जड व्हायचा, वर टिकटिक रोज वाढायची, आणि ह्या सगळ्याच्या समोर बसून हा माणूस पृथ्वीच्या पोटाचा विचार करत चवीने जेवायचा.

घरी काकू रोज संध्याकाळी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायची. आकडा काही उतरायचा नाही. "वर्ष झालं हो ते मीठ खाताय," ती म्हणायची, "मग हा मेला खाली का येत नाही?" सर छताकडे बघायचे. डॉक्टरही चक्रावले होते, त्यांनी गोळी वाढवली होती. काकू दिवसा तोंडाळ होती, पण अंथरुणावर पडलं की सरांच्या श्वासाकडे कान लावून पडायची. सरांना ते माहीत होतं. अशा वेळी त्यांना स्वतःची लाज वाटायची, आणि दुपारी डबा उघडला की ती लाज भाजीच्या वासात विरून जायची.

"तो कण तुमचा, कसा असतो तो दिसायला?" एकदा तिने विचारलं.

"दिसत नाही गं. बघ, हे टेबल आहे ना, हे मुळात जवळजवळ रिकामं आहे. अणूच्या मध्यभागी केंद्रक, एवढंसं. हे घर म्हणजे अणू धरलास तर केंद्रक मोहरीहूनही बारीक. बाकी सगळी मोकळी जागा, आणि तीत इलेक्ट्रॉन."

"घरभर मोकळी जागा? मग तुमची पुस्तकं जमिनीवर का हो?"

सर हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "हा कण खरा निघाला ना, तर माझं काहीतरी राहील गं मागे. नाहीतर मी म्हणजे नुसता दुसऱ्यांनी काय केलं ते सांगणारा."

काकूने सालं काढलेल्या सफरचंदाची फोड त्यांच्या हातात दिली.

आणि मग तपासणीचा दिवस उजाडला. विद्यापीठातून एक मोठ्या शास्त्रज्ञ बाई येणार होत्या. आपण त्यांना पाहुण्या म्हणू. त्यांनी हो म्हटलं तर सरांचा कण पुढे मोठ्या प्रयोगशाळेत जाणार, सरांच्या नावासकट. नाही म्हटलं तर सत्र संपलं, सर घरी. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. काकूला म्हणाले, "आज डबा घेऊन तूच ये. तुझ्या डोळ्यांसमोर होऊ दे."

पाहुण्या निघाल्या अगदी साध्या, बोलायला गोड आणि नजरेला धारदार. त्यांनी टिकटिक ऐकली, आकडे पाहिले, विटांवर हात फिरवला, मग खाली वाकून टेबलाच्या बुडाकडे पाहिलं.

"खाली शिसं नाही?"

"नाही. आणि तेच आपलं भाग्य," सर म्हणाले. "खाली शिसं असतं तर हा सापडलाच नसता."

"मग असं करू या? घरकुलासकट काउंटर शेजारच्या खोलीत नेऊ. पृथ्वी तिथेही आहे."

"नेऊ या की!" सर म्हणाले. खोटं कशाला सांगा, सरांना खात्री होती.

विटा हलवायला वेळ लागला. शेजारच्या खोलीत दुसऱ्या टेबलावर सगळं परत मांडलं. काउंटर चालू केला. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक. वर्षापूर्वी होती तशी, सुस्त, म्युऑनची जुनी टिकटिक.

सरांचा चेहरा उतरला. "तापायला वेळ लागतो त्याला," ते म्हणाले. धाकट्या बाईंनी चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात काकू आली. एका हातात डबा, दुसऱ्यात कापडी पिशवी, कपाळावर घाम. "उशीर झाला का हो? दुकानात ही गर्दी!" असं म्हणत तिने पिशवी धपकन टेबलाखालच्या फळीवर ठेवली, बरोबर काउंटरच्या खाली, आणि काउंटर बोंबलायला लागला. टिकटिकटिकटिक.

"अगंबाई!" म्हणून तिने पिशवी उचलली. काउंटर गप्प झाला. पाहुण्या पुढे झाल्या, त्यांनी पिशवी हळूच परत ठेवली. टिकटिकटिकटिक. उचलली. गप्प. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं.

"काकू, काय आहे हो पिशवीत?"

"मीठ," काकू म्हणाली. "ह्यांचं. संपत आलं होतं म्हणून मोठं पाकीट घेतलं. काही चुकलं का?"

"रक्तदाबाचं? म्हणजे पोटॅशियमवालं!" पाहुण्यांनी टाळी वाजवली. "अहो, पोटॅशियमचे अणू असतात ना, त्यांत अगदी थोडे जरा अस्वस्थ असतात. केंद्रकातला एखादा न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, एखादा प्रोटॉन न्यूट्रॉन होतो, आणि त्या गडबडीत किरण बाहेर पडतात. तेच हा मोजतोय."

"बाप रे! आणि मी वर्षभर नवऱ्याला हे घालतेय?"

"घाबरू नका हो. फळांत तेच, भाजीत तेच, आपल्या अंगातसुद्धा तेच. तुम्ही, मी, सर, आपण सगळेच थोडे थोडे टिकटिकत असतो."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात एका क्षणात खण, डबा, ताप, रविवार असं सगळं ओळीने उभं राहिलं होतं. पोटॅशियमचं हे वागणं ते दरवर्षी वर्गात शिकवत होते. परीक्षेला विचारत होते! ते स्टुलावर बसले.

पाहुण्या मात्र विचारात पडल्या होत्या. "पण एक आहे. त्या खोलीत तर मीठ नव्हतं. तिथे काही पोटॅशियम नसेल, तर तिथली वाढ खरीच म्हणायची. मग मला लिहावं लागेल, की ह्याची पुढे तपासणी व्हावी. सर, त्या खोलीत असं काही आहे का?"

बघा, दैव कसं असतं. गळ्यातला फास कोणीतरी सोडून हातात देतं, आणि वर विचारतं, हार हवाय का? फक्त नाही म्हणायचं होतं. खणाची किल्ली सरांच्या खिशात होती. डबा संध्याकाळी पिशवीत घालून नेता आला असता. कण जगला असता, निदान सर निवृत्त होईपर्यंत. सर मिठाची गुळणी धरून बसले.

त्यांच्या वतीने काकू बोलली.

"त्या खोलीत मीठ कुठून येणार हो?" ती ठसक्यात म्हणाली. "डब्यातल्या मिठाचा हे एक कण मागे ठेवत नाहीत. वर्षभर पथ्याचं जेवताहेत बिचारे, पण तोंडातून ब्र नाही काढला. माझा नवरा आहे, मला ठाऊक आहे."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले, मान ताठ, नवऱ्याचा अभिमान नुसता ओसंडत होता. ज्या कणासाठी इतकी वर्षं जीव टाकला, तो त्यांना त्या क्षणी फार लहान वाटला. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि काकूच्या हातात नाही, धाकट्या बाईंच्या हातात दिली. तेवढं धैर्य काही त्यांना झालं नाही.

"खणात बिस्किटांचा डबा आहे," ते म्हणाले. "आणा."

डबा आला. बाईंना तो दोन्ही हातांनी उचलावा लागला. काउंटरखाली ठेवताच टिकटिकीचा नुसता पाऊस. झाकण उघडलं. पांढरंशुभ्र मीठ, काठोकाठ.

काकूने आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तिने पिशवी उचलली, डबा सरांच्या मांडीवर ठेवला आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"सर," पाहुण्या हळूच म्हणाल्या, "काउंटर उत्तम आहे तुमचा. फार प्रामाणिक आहे."

"हो," सर म्हणाले. "खोलीत तेवढा तोच होता."

धाकट्या बाईंनी ह्या खेपेला चष्मा पुसला नाही. "तुमच्याशी नातं आहे म्हणाला होतात, सर. ते तरी खरं निघालं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि सरांना रडू यायच्या जागी हसू आलं, आणि मग दोन्ही आलं.

संध्याकाळी सर मिठाचा डबा काखेत मारून घरी गेले. रस्ताभर त्यांना वाटत होतं, की आज एक माणूस दोन ठिकाणी नापास झाला. दार उघडंच होतं. आत दूध नव्हतं, फळं नव्हती. काकूने दोन ताटं वाढली होती, भात, भाजी, सगळं. मधे नव्या पाकिटातलं मीठ एका वाटीत. ती समोर बसली होती, रागाने लाल.

"बसा."

सर बसले. भाजी अळणी होती. त्यांनी न सांगता वाटीतलं मीठ घेतलं, वर्षात पहिल्यांदा, भाजीवर घातलं आणि घास तोंडात टाकला. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"कसं लागतं?" तिने विचारलं.

"कडवट," सर म्हणाले. "फार कडवट आहे गं. जीभ ओढल्यासारखी होते."

"हो ना," काकू म्हणाली. तिनेही वाटीतली चिमूट घेतली आणि सराईतपणे आपल्या भातावर टाकली. "मलाही रोज तस्संच लागतं."

सरांचा हात ताटातच थांबला. "तू? तुला कुठे रक्तदाब आहे? तू कशाला खातेस?"

"तुम्ही तिकडे एकटे बसून कडू जेवता, मी इकडे चवीचं जेवू?" ती म्हणाली आणि इतका वेळ धरून ठेवलेला तिचा आवाज फुटला. "म्हटलं, दोघं मिळून खाल्लं की कमी लागेल."

सरांकडे आता कण नव्हता, नाव नव्हतं. ते उठले, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर चढवून ठेवलेली साध्या मिठाची बरणी त्यांनी काढली, तिच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली आणि तिच्या ताटात मीठ वाढलं.

"मला नको," काकू डोळे पुसत म्हणाली, "माझं निमित्त करून तुमच्याच ताटात वाढून घ्याल, ओळखते मी."

"नाही वाढत."

"आणि त्या बिस्किटाच्या डब्यातलं कोण संपवणार? एवढं सगळं?"

"मी."

"उद्यापासून पुडी बंद. भाजीतच कालवून देणार आहे."

"दे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. सरांनी दुसरा घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि तिसरा घेतला.